सुई टोचल्यानंतरचे दोन तास

आषाढ, रात्रीचे दहा. पाऊस धो धो कोसळतोय, वीज संध्याकाळपासून गेलेली.

अशा रात्री लेबर रूममधल्या सिस्टरांची काळजी लागून राहते. बॅटरीच्या उजेडात टाके घालताना सुईचं टोक दिसत नाही. डाव्या हाताची तर्जनी ते चाचपत जाते आणि नेमकं तिथंच टोचतं. दुसरी घातक सवय वापरलेल्या सुईला टोपण लावायची. टोपण डाव्या चिमटीत, उजव्या हाताची सुई जरा हुकली की बोटात. टोपण लावायचंच नाही, सुई तिथल्या तिथं हब कटरमध्ये, म्हणजे सुई कापायच्या छोट्या यंत्रात, कापायची. कटर खोलीच्या दुसऱ्या टोकाला असला की घाईत कुणी तिथवर जात नाही. तो ट्रॉलीवरच हवा.

टोचलंच तर बोट पिळू नये, चोखू नये, त्यावर ब्लीच ओतू नये. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवावं, बस. डोळ्यात रक्त उडालं तर पाण्यानं किंवा सलाईननं भरपूर धुवावं.

बाधित रक्ताची सुई टोचल्यावर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात ३ च्या आसपास. पोकळ सुई, खोल जखम असेल तर जास्त. टाक्याची भरीव सुई ग्लोव्हमधून जाताना बरंचसं रक्त रबरावरच पुसलं जातं. लस न घेतलेल्यांना हिपॅटायटिस बी मात्र शंभरात ६ ते ३० जणांना गाठू शकतो. त्याच्या लशीचे ३ डोस असतात: आज, महिन्यानं, सहा महिन्यांनी. कचऱ्याच्या पिशव्या उचलणाऱ्या मावशींना ते दिलेत का, हे कुणी विचारत नाही, याचं फार वाईट वाटतं.

एचआयव्ही प्रतिबंधक गोळीची पहिली मात्रा शक्यतो २ तासांत, फार तर ७२ तासांच्या आत. रुग्णाच्या रिपोर्टसाठी थांबायचं नाही, तो निगेटिव्ह आला तर गोळी बंद करता येते. टेनोफोविर, लॅमिवुडिन, डोल्युटेग्राविर एकाच गोळीत, रोज १, असे २८ दिवस. लोह-कॅल्शियम चालू असेल तर ही गोळी त्याआधी २ तास घ्यावी, नाहीतर दोन्ही जेवणासोबत. स्वतःची रक्ततपासणी लगेच, मग ६ आठवड्यांनी, ३ आणि ६ महिन्यांनी.

मंडणगडच्या टोकाहून रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय गाठायचं, वाटेत दरड आली, तर ते दोन तास घाटातच जातात. म्हणून पहिली मात्रा प्राथमिक आरोग्य केंद्रातच हवी, आणि कपाटाची किल्ली रात्रपाळीच्या सिस्टरांकडे.