चालढकलीतली चाल

माझा कमरेचा पट्टा विकत घेतला तेव्हा त्याला पाच भोकं होती. सहावं मी पाडलं. एका सकाळी कामावर निघायची घाई होती आणि बक्कलचा काटा पाचव्या भोकापर्यंत काही केल्या पोचेना. श्वास आत ओढून झाला, भिंतीला टेकून झालं, पलंगावर आडवं पडूनही झालं. शेवटी चिमट्यात खिळा धरला, गॅसवर लाल केला आणि चामड्यात खुपसला. घरभर जळका वास. मूळची पाच भोकं प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांसारखी एका रांगेत आहेत. हे सहावं रांग सोडून जरा डावीकडे, काठाला काळं, उशिरा येऊन गुपचूप उभं राहिलेल्या मुलासारखं.

पट्टा उजेडात आडवा धरला की माझा इतिहास वाचता येतो. बक्कल जिथे दाबून बसायचं तिथे प्रत्येक भोकाशी एक वळ उमटलाय. दुसऱ्या भोकाशी पुसट. तिसऱ्याशी खोल, कारण तिथे माझा मुक्काम चांगला पाच वर्षं होता. चौथ्याशी पुन्हा पुसट, तिथून मी घाईत गेलो. पाचव्याशी चामड्याला चक्क चीर.

दुसऱ्या भोकापासून सहाव्यापर्यंत यायला मला ११ वर्षं लागली आणि १४ किलो. एका रात्री झोप येईना तेव्हा पडल्यापडल्या हिशेब केला. ११ वर्षांचे साधारण ४००० दिवस, १४ किलोचे १४,००० ग्रॅम. म्हणजे दिवसाला साडेतीन ग्रॅम. चमचाभर साखरही याहून जड भरते. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते हेच, आणि हे तळं साचवताना मी एक दिवस खाडा केला नाही की कधी कंटाळा केला नाही. माझ्या चिकाटीबद्दल शंका घेणाऱ्यांसाठी हे नोंदवून ठेवतो.

उपसायला निघालो की मात्र मला तीन महिने पुष्कळ वाटायचे. तीन महिन्यांत १४ किलो म्हणजे रोज दीडशे ग्रॅमच्या वर. एक किलो चरबीत अंदाजे ७७०० कॅलरी धरतात, त्या हिशेबाने दिवसाला जवळजवळ १२०० कॅलरींची तूट काढायची. माझ्यासारख्या दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने निम्मं ताट बाजूला सारायचं, असा त्याचा सरळ अर्थ. हे मला किती दिवस जमलं असतं? एखादा आठवडा. आणि बरोबर एखादा आठवडाच जमायचं. मराठीत अशा माणसाला आरंभशूर म्हणतात. शब्द टोमणा म्हणून वापरतात, पण त्यात ‘शूर’ आहे याकडे मी लोकांचं लक्ष वेधत असे.

आता सोमवारांबद्दल. माझं वजन कमी करणं नेहमी सोमवारी सुरू व्हायचं आणि ठरायचं गुरुवारी संध्याकाळी. ठरलं की लगेच अंग हलकं वाटायला लागायचं. नवी वही यायची, तिच्यात पट्टीने रकाने आखले जायचे, तारखा लिहिल्या जायच्या, दोन रंगांचे पेन. मधल्या शुक्रवार, शनिवार, रविवारचं काय? सोमवारपासून सगळं बंदच होणार म्हणून त्या तीन दिवसांत एकेका पदार्थाला रीतसर निरोप दिला जायचा. निरोप एकदा देऊन भागत नसे. सोमवार हा माझा परवाना होता, हे कळायला मला फार उशीर लागला. वजन वाढायला माझ्या खाण्याने जेवढा हातभार लावला तेवढाच वजन कमी करायच्या बेतांनीही लावला असणार.

चालढकल म्हणजे आळस, किंवा वेळेचं गणित न जमणं, असं मला वाटायचं. फ्यूशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली वेगळी बाजू मांडली. त्यांच्या मते चालढकल ही मूळात मन सावरायची धडपड असते. नकोसं काम समोर आलं की जीव घाबरा होतो, ते पुढे ढकललं की आत्ताच्या आत्ता बरं वाटतं, आणि त्याचं बिल उद्याच्या माणसाच्या नावावर फाटतं. हे वाचलं आणि त्या उद्याच्या माणसाची मला प्रथमच दया आली. मी त्याला पहाटे साडेपाचला उठवणार होतो, उपाशी ठेवणार होतो, जिने चढायला लावणार होतो, आणि त्याला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

सोमवारचं वेड माझं एकट्याचं नाही, एवढा दिलासा मात्र मिळाला. हेंगचेन डाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की आठवडा, महिना किंवा वर्ष नवं सुरू झालं की लोक इंटरनेटवर ‘डाएट’ जास्त शोधतात आणि व्यायामशाळेतली हजेरीही वाढते. नव्या पानाची ओढ सगळ्यांनाच असते. माझ्या घरात तर अशी पहिली तीन पानं भरलेल्या सात वह्या निघाल्या. मुलगी आता त्यांच्या मागे गणितं सोडवते.

एका गुरुवारी मी नेहमीप्रमाणे पट्टी शोधत होतो. बायको म्हणाली, “अरे, तुझं सोमवारचं सगळं मला पाठ झालंय. मंगळवारचं काय ठरलंय ते सांग.”

मंगळवारचं काहीच ठरलेलं नव्हतं. कधीच नसायचं.

तसा पहिला आठवडा फसवतोच. तो कसा फसवतो ते मला आधी माहीत असतं तर तीन-चार वह्या तरी वाया गेल्या नसत्या. खाणं एकदम तोडलं की शरीर आधी यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, वापरतं, आणि त्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. साठा उतरला की पाणीही जातं. आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून मी आरशासमोर कडेने उभा राहायचो, पण गेलेलं बहुतेक पाणीच असायचं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वजनकाटा हट्टाला पेटल्यासारखा एका आकड्यावर बसायचा. खरं तर चरबी हळूहळू उतरायला लागलेली असायची ती तेव्हाच. आणि मी नेमका तेव्हाच काटा पायाने पलंगाखाली सारायचो. एकदा चार महिन्यांनी बाहेर काढला तर वर धुळीचा थर आणि थरावर माझ्याच दोन पावलांचे ठसे, फार सावकाश बुजत चाललेले.

नव्याचे नऊ दिवस, हे आपल्या म्हणीला माहीत होतं. दहाव्या दिवसाबद्दल म्हण गप्प आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक छोटी गोष्ट करायला सांगून ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते पाहिलं. मधला आकडा निघाला ६६ दिवस, पण कुणाचं १८ दिवसांत काम झालं तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. मी स्वतःला दुसऱ्या टोकाला धरून चालतो. त्याच अभ्यासातली एक गोष्ट मला या आकड्यांपेक्षा मोलाची वाटली. मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसं बिघडत नव्हतं. माझ्याकडे एक दिवस चुकला की पुढचा सोमवार उजाडेपर्यंत सगळंच माफ असायचं.

मग मी काय केलं? फार काही नाही. रात्री जेवण झालं, ताट विसळायला ठेवलं की बूट घालायचे, एवढंच ठरवलं. किती चालायचं ते ठरवलं नाही. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये अशा जर-तरच्या बेतांवर सविस्तर लिहिलंय: ‘अमुक झालं की तमुक करीन’ असं ठरवलेलं काम नुसत्या ‘मी करीन’पेक्षा पार पडण्याची शक्यता जास्त. मला ते नंतर कळलं. माझं कारण साधं होतं. ताट ठेवायला मी तसाही उठतोच, आणि बूट दाराशीच असतात.

पहिल्या रात्री मी फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. चार मिनिटं. वहीत लिहायलाही लाज वाटावी. पण दुसरा दिवस मंगळवार होता आणि चार मिनिटांपासून पळ काढायला कारण सापडेना. गुडघा दुखतो म्हणावं तर चार मिनिटांत काय दुखणार? पाऊस म्हणावं तर छत्री समोरच लटकलेली. ढकलायला काम जरा तरी जड असावं लागतं, हलकं काम ढकलताही येत नाही.

त्याच सुमारास रस्त्याने चालताना मला ‘चालढकल’ या शब्दातली ‘चाल’ दिसली. इतकी वर्षं मी त्या शब्दाचा उत्तरार्धच जगत होतो. व्युत्पत्तीच्या जाणकारांनी रागावू नये, हा रात्री साडेनऊचा विचार आहे.

ढकलायची कला मात्र मी टाकून दिली नाही. इतक्या वर्षांची कमाई. ती मी ताटाकडे वळवली. दुसऱ्यांदा वाढून घ्यावंसं वाटलं की ‘नको’ म्हणायचं नाही, कारण ‘नको’ म्हटलं की माझ्या आतला कुणीतरी बाह्या सरसावून उभा राहतो. ‘उद्या घेऊ’ म्हणायचं. तो लगेच शांत होतो. त्याला उद्याचा भरवसा आहे, मीच लावलेला. आणि उद्या त्या गोष्टीची आठवण राहतेच असं नाही. चार वेळा तो फसतो, तीन वेळा मी फसतो.

दीड वर्ष झालं. चौदापैकी नऊ किलो गेले. मध्ये दोन आले, ते पुन्हा जायला चार महिने लागले. फाटकापर्यंतची चार मिनिटं आता पाऊण तासावर गेली आहेत, पण ठरलेलं अजून बुटांपुरतंच आहे. भूक मात्र कमी झालेली नाही, उलट वाढल्यासारखी वाटते. हा माझा मनाचा कमकुवतपणा असेल असं मी धरून चाललो होतो. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास वाचून जरा धीर आला. १० आठवडे अगदी कमी खाऊन वजन उतरवलेल्या लोकांचं रक्त वर्षभरानंतर तपासलं, तेव्हाही भूक वाढवणारी संप्रेरकं चढलेली आणि पोट भरल्याची खूण देणारी उतरलेली होती. शरीर गेलेल्या किलोंचा तगादा वर्षभर लावतं. म्हणजे ‘एकदाचं उतरलं की सुटलो’ हा माझा सगळ्यात लाडका बेतही गेला. त्याचं मला नाही म्हटलं तरी वाईट वाटलं.

अमेरिकेत १९९४ मध्ये एक नोंदवही सुरू झाली. किमान ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलोंच्या आसपास, उतरवून ते वर्षभर तरी उतरलेलंच ठेवलेल्यांची नावं तिच्यात असतात, आणि ती १०,००० च्या वर गेली आहेत. त्यातले बहुतेक रोज तासभर हालचाल करतात, चौघांतले तिघे आठवड्यातून एकदा तरी वजन करतात, आणि चालणं हा त्यांचा सगळ्यात आवडता व्यायाम. ही जिंकलेल्यांची यादी आहे, त्यांनी हेच केलं म्हणून ते जिंकले असं तिच्यावरून म्हणता येत नाही, हे मलाही कळतं. पण एवढ्या लोकांत कुणाची युक्ती नवलाची नसावी, याचा मला आनंद झाला. माझे नऊच किलो असल्याने मला तिथे प्रवेश नाही. असू दे. नाहीतरी अर्ज भरायला मी सोमवारच गाठला असता.

गेल्या महिन्यात ताप आला आणि पाच रात्री बूट जागेवर राहिले. सहाव्या रात्री ताट ठेवलं आणि पाय आपोआप दाराकडे वळले. अर्ध्या रस्त्यात मला आठवलं, की आपण सुरुवात करायची ठरवलीच नव्हती.

पट्ट्याचं बक्कल आता तिसऱ्या भोकात बसतं, पाच वर्षांच्या जुन्या मुक्कामी, त्याच खोल वळावर. पुढे लांब जीभ उरते, ती खोचली तरी सुटून लोंबते. शेवटाला ते वाकडं सहावं भोक सगळ्यांना दिसतं. बायको कधीची मागे लागली आहे, नवा आण, हा फेकून दे.

उद्या फेकतो म्हणालोय.