दोन वेढे

जायफळ मोजायचं ते वेढ्यांत. सहाणेवर चमचाभर दूध घ्यायचं, जायफळ उभं धरून गोल फिरवायचं. एक फेरा म्हणजे एक वेढा. दहा-बारा वेढ्यांत दूध तपकिरी होतं. झोप येत नसेल तर ते कपभर कोमट दुधात घालून रात्री प्यायचं, जुलाबावर पाण्यात उगाळायचं, ही घरोघरची रीत. बाळगुटीत जेमतेम एक-दोन वेढे, तेही आता डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. अख्खं जायफळ पाच-सहा ग्रॅम भरतं. तेवढं एकदम पोटात गेलं तर मोठ्या माणसालाही मळमळ, धडधड, भास होऊ शकतात. त्रास सुरू व्हायला काही तास लागतात. तोवर ‘काहीच होत नाही’ म्हणून आणखी घेतलेलं असतं!

पुरणाचंही तेच. अर्धा किलो डाळीला पाव जायफळ पुरतं, आणि तेही पुरण उतरवल्यावर, कोमट असताना किसून. शिजतानाच घातलं तर वास वाफेबरोबर बाहेर जातो. शेजाऱ्यांना बेत कळतो, पोळीला काही उरत नाही. जास्त पडलं तर पुरण कडवट-तुरट होतं, मग गूळ वाढवूनही ते लपत नाही. मिक्सरमध्ये नुसतं जायफळ टाकू नये. त्यात जवळजवळ तिसरा हिस्सा तेल, त्यामुळे पात्यांना लगदा चिकटतो. दोन चमचे साखर सोबत घातली की भुकटी मोकळी होते. पण डब्यातल्या भुकटीचा वास महिनाभरात मंदावतो. बारीक किसणीच खरी.

जायपत्री त्याच फळातली, स्वभाव मात्र वेगळा. कोकणात नारळी-पोफळीच्या सावलीत फळ पिकून उकललं की बीवर ही लालभडक जाळी दिसते. वाळली की केशरी-पिवळी होते. तिला मसाल्यात भाजलेलं चालतं, पण पातळ असल्याने धणे-खोबऱ्याबरोबर कढईत टाकली तर आधी करपते आणि मसाला कडू करते. शेवटी, गॅस बंद करून, गरम कढईत नुसती परतावी. लांबट, काळपट आणि चुरगाळल्यावर वास न येणारी पत्री दिसली तर ती बहुधा रामपत्री, म्हणजे जायपत्रीसारखी दिसणारी दुसऱ्या झाडाची पत्री. ती जायपत्रीच्या भावात घेऊ नये.

जायफळ जड, बिनभोकाचं निवडावं. भोक म्हणजे आत कीड. चांगलं असलं तर एकच दोन-तीन सणांना पुरतं. एका बाजूने सपाट झिजलेलं, आतल्या तपकिरी नक्षीसकट, ते पुन्हा मसाल्याच्या डब्यात जातं.