पंखे फिरताहेत, स्क्रीन काळी

मी स्वतः जोडलेल्या नव्या कॉम्प्युटरचे तिन्ही पंखे फिरत होते. पुढचा, मागचा आणि प्रोसेसरवरचा. मदरबोर्डच्या, म्हणजे सगळे भाग जिच्यावर जोडतात त्या पाटीच्या कडेला एक इवलासा लाल दिवा लागला होता आणि मॉनिटर आपला ‘नो सिग्नल’ दाखवून पुन्हा पुन्हा झोपी जात होता. पंखे फिरताना बघून मी भाच्याला फोनवर "झाला गं बाई एकदाचा चालू" असं सांगूनही टाकलं होतं. पुढचा दीड तास मी फरशीवर मांडी घालून, एका हातात मोबाइलचा टॉर्च धरून काढला.

मी पुस्तकांची मांडणी करते, म्हणजे डीटीपी. कॉम्प्युटरसमोर बसून केस पांढरे झाले, पण त्याच्या पोटात हात घालायची वेळ कधी आली नव्हती. जुना कॉम्प्युटर एका जाडजूड पुस्तकाच्या ऐन मध्यावर बसला, तेव्हा भाच्याने सुटे भाग निवडून दिले आणि "ठोकळे जोडण्यासारखं आहे गं मावशी, तू आरामात करशील," म्हणून मोकळा झाला. तो असतो लांब. मदत काय ती फोनवरून.

प्रोसेसर, रॅम, स्क्रू यांत सांगण्यासारखं काही घडलं नाही. घडलं ते सगळं एसएमपीएसच्या, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याच्या केबलींत.

नव्या एसएमपीएसबरोबर एक पिशवी येते आणि तिच्यात केबलींचा गुंता. माझ्या सगळ्या केबली काळ्या, चपट्या, दिसायला देखण्या आणि शिकायला एकदम कुचकामी. त्यामानाने जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेला एसएमपीएस बरा, त्याच्या वायरी रंगीत होत्या. मी तो मांडीवर घेऊन त्याची सगळ्यात मोठी, २४ पिनांची केबल वाचायला बसले. पिवळी म्हणजे १२ व्होल्ट, लाल म्हणजे ५, केशरी म्हणजे ३.३, काळी म्हणजे ग्राउंड, विजेची परतीची वाट. मोजल्या तर काळ्या ८, लाल ५, केशरी ४ आणि पिवळ्या फक्त २. शिवाय हिरवी, जांभळी, करडी, निळी एकेक. एक घर रिकामंच. ते बघून वायर तुटली की काय असं वाटलं होतं, पण तिथे पूर्वी उणे ५ व्होल्टची पांढरी वायर असायची. ती आता कुणालाच लागत नाही, म्हणून घर तेवढं उरलंय.

या एकेकट्या वायरींमध्ये खरी गंमत आहे. जांभळीत ५ व्होल्ट कायम असतात, कॉम्प्युटर बंद असला तरी. त्याच्यावर मदरबोर्डचा एक छोटासा भाग जागा राहतो. आपण बटण दाबलं की मदरबोर्ड हिरवी वायर ग्राउंडकडे खेचतो आणि मग एसएमपीएस खऱ्या अर्थाने सुरू होतो. म्हणजे कॅबिनेटवरचं बटण वीज चालू करत नाही, मदरबोर्डला नुसतं ढोसतं. सगळे व्होल्टेज ठिकाणावर आले की एसएमपीएस करड्या वायरीवरून "ठीक आहे" असं कळवतो. सेकंदाच्या दहाव्या भागापासून अर्ध्या सेकंदापर्यंत एवढंच थांबणं, पण ते झाल्याशिवाय प्रोसेसरला उठवायचं नाही.

तर ही २४ पिनांची केबल मी नीट लावली. ‘नीट’ हे दुसऱ्या खेपेला. पहिल्यांदा ती बसल्यासारखी वाटली होती, पण आडव्या उजेडात एका टोकाला नखभर फट दिसली. तिच्या अंगावर एक खटका असतो आणि मदरबोर्डवर त्याच्यासाठी बाहेर आलेलं नाक. खटका नाकावरून पलीकडे पडला की बोटाला कळतं, आवाजही येतो. ही केबल भलतीच घट्ट असते. दाबताना मदरबोर्ड वाकतो आणि आपल्या पोटात गोळा येतो. मी डाव्या हाताची बोटं बोर्डाच्या कडेखाली धरून उजव्या अंगठ्याने दाबलं, तेव्हा ‘टक्‌’ झालं.

मग ग्राफिक कार्डाची, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणाऱ्या भागाची केबल. ८ पिनांची, पण ६ आणि २ अशी फुटलेली. दोन्ही तुकडे एकमेकांत अडकवून लावायचे. ती मात्र सुखाने बसली. झाकण लावलं, बटण दाबलं आणि पंखे फिरले.

फोनवर भाच्याचा पहिलाच प्रश्न होता, "मावशी, ८ पिनांची केबल लावलीस ना?"

"लावली की."

"खटका बसला?"

"अरे, पक्का बसलाय. ओढून बघितली."

बस्स. या एका संवादावर दीड तास गेला. केबलींचा विषय संपला असं धरून आम्ही रॅमच्या मागे लागलो. दोन्ही पट्ट्या काढल्या, एकच लावली, मग दुसरीच लावली, मग खाच बदलली. मॉनिटरची केबल बदलली. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवली. मधल्या काळात भाचा "बोर्डच खराब आला असेल" या निष्कर्षापर्यंत पोचला होता आणि मी परतीच्या खोक्याला चिकटपट्टी शोधत होते.

प्रोसेसरवरच्या पंख्याची वायर काढून पुन्हा लावावी म्हणून टॉर्च वरच्या डाव्या कोपऱ्यात मारला, तर तिथे थंडकाच्या (हीटसिंकच्या, आतली उष्णता काढून घेणाऱ्या धातूच्या) दोन ठोकळ्यांच्या आड एक रिकामी खोबण. ८ भोकं, दोन ओळींत. कॅबिनेटच्या छताला इतकी खेटून, की मान तिरकी केल्याशिवाय दिसूच नये.

"अरे, इथे एक ८ पिनांची जागा रिकामी आहे."

पलीकडे शांतता. मग, "मग तू ८ पिनांची लावलीस कुठे?"

"कार्डाला."

"मावशी! ती वेगळी गं. प्रोसेसरची, प्रोसेसरची!"

आता मला सांगा, दोन वेगळ्या केबलींना एकाच नावाने हाक मारायची आणि मग माणसाला वेडं ठरवायचं, हा कुठला न्याय? आमच्या धंद्यात एका पुस्तकात दोन फाइलींना ‘फायनल’ नाव दिलं तर हमखास चुकीची छापायला जाते. तसंच हे.

माझ्याकडे कार्डाची आणखी एक केबल शिल्लक होती. ८ तर ८, म्हणून मी ती त्या खोबणीत घालायला गेले. जाईना. "जोर लावू नकोस!" भाचा ओरडला, आणि त्या संध्याकाळचा त्याचा हा एकमेव बिनतोड सल्ला. मी केबलीचं तोंड चष्म्याजवळ धरून बघितलं. प्रत्येक पिनेचं घर एकसारखं नसतं. काही घरं चक्क चौकोनी, काहींचे कोपरे छाटलेले. खोबणीतही तसंच, पण क्रम वेगळा. चौकोनी घर चौकोनी भोकातच जातं, छाटलेलं दोन्हीत मावतं. चुकीची केबल कुठेतरी अडकावी म्हणून केलेली ही व्यवस्था आहे. आणि ती हवीच, कारण आतली मांडणी उलटी असते. प्रोसेसरच्या केबलीत ४ वायरी १२ व्होल्टच्या आणि ४ ग्राउंडच्या, खटक्याच्या बाजूला १२ व्होल्ट. कार्डाच्या केबलीत १२ व्होल्टच्या ३ आणि खटक्याच्या बाजूला ग्राउंड. रेटून बसवली असती तर १२ व्होल्ट थेट ग्राउंडला भिडले असते.

हे बघताना मला फार जुनी आठवण आली. मी जिथे मांडणी शिकले तिथले कॉम्प्युटर दुरुस्त करायला एक गृहस्थ यायचे. तेव्हाच्या मदरबोर्डला एका मोठ्या केबलीऐवजी ६-६ पिनांच्या दोन केबली शेजारी शेजारी लागायच्या आणि त्यांची अदलाबदल सहज होऊ शकायची. ते लावताना दर वेळी पुटपुटायचे, "काळ्याला काळी, काळ्याला काळी." दोन्हींच्या काळ्या वायरी मधोमध एकत्र आल्या तर बरोबर, नाहीतर बोर्ड गेला. १९९५ मध्ये एटीएक्स हे मदरबोर्ड आणि एसएमपीएसचं नवं मानक आलं, त्याने हा मंत्र हळूहळू संपवला.

प्रोसेसरला वेगळी केबल का, हेही त्या रात्री मी भाच्याकडून वसूल केलं. प्रोसेसरला लागतो साधारण एक-सव्वा व्होल्ट, पण करंट प्रचंड. १०० वॉट सव्वा व्होल्टने द्यायचे तर ८० अँपिअर. एवढं लांबून आणायला वायर नव्हे, सळई लागेल. तेच १२ व्होल्टने आणलं तर ८ अँपिअरच्या आसपास. म्हणून १२ व्होल्ट प्रोसेसरच्या दारापर्यंत आणायचे आणि तिथे उतरवायचे. ते उतरवणारे भाग त्या थंडकाच्या ठोकळ्यांखाली असतात. २०००च्या सुमारास पेन्टियम ४ बरोबर याच कामासाठी ४ पिनांची केबल आली, आता तिच्या ८ झाल्या. ती नसली तर पंखे फिरायला काहीच हरकत नसते. त्यांना मोठ्या केबलीतल्या त्या दोन पिवळ्या वायरी पुरतात. प्रोसेसर मात्र उपाशी.

खरी केबल पिशवीच्या तळाशी होती. ४ आणि ४ अशी फुटलेली. हीच तिची ओळख, कार्डाची ६ आणि २. वीज बंद केली, एसएमपीएसच्या मागचं बटण पाडलं, प्लग काढला आणि भाच्याने सांगितलं म्हणून कॅबिनेटचं बटण काही सेकंद दाबून धरलं. पंखा किंचित हलला, मदरबोर्डवरचा दिवा मंदावत विझला. आत साठलेली वीज ती. (एसएमपीएसचा स्वतःचा डबा मात्र कधीही उघडू नका. त्याच्या आतली साठवण अशी बटण दाबून जाईल याचा भरवसा नसतो.)

केबल मागच्या बाजूने कोपऱ्यातल्या भोकातून वर काढायची होती, पण भोक आणि बोर्ड यांच्या मध्ये माझं बोटसुद्धा जाईना. मदरबोर्ड बसवण्याआधी ही केबल ओवून ठेवायची असते, हे भाच्याला आता आठवलं. शेवटी मागचा पंखा सोडवला, विणायच्या सुईने केबलीचं तोंड वर ढकललं, दोन चौकड्या जुळवून धरल्या आणि दाबल्या. टक्‌.

केबल आखूड पडतेय असं मध्यंतरी वाटलं, तेव्हा मी घरातल्या दुसऱ्या, सुट्या केबलींच्या एसएमपीएसची केबल लावू का, असं विचारलं होतं. त्यावर तो पहिल्यांदाच गंभीर झाला. अशा केबलीचं मदरबोर्डकडचं टोक सगळीकडे सारखं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला काही नियम नाही. ज्याने त्याने आपापल्या मर्जीने पिना लावलेल्या. तोंड बसतं आणि ५ व्होल्टच्या जागी १२ जातात. त्याच्या मित्राची हार्ड डिस्क अशीच गेली होती, पाच वर्षांच्या फोटोंसकट.

बटण दाबलं. पंखे फिरले, पण या खेपेला मी काही बोलले नाही. लाल दिवा लागला, विझला, शेजारचा पिवळा लागला, तोही विझला आणि स्क्रीनवर बायोसची, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना पहिली दिसणारी पाटी आली.

मग मी भिंग घेऊन त्या लाल दिव्याकडे बघितलं. दीड तास तो माझ्याकडे डोळे वटारून होता. त्याच्या शेजारी बोर्डावर पांढऱ्या शाईत, फार तर चार पॉइंटात, तीन रोमन अक्षरं छापली होती: सीपीयू. म्हणजे प्रोसेसरच. तळटिपांमधला चुकीचा स्वल्पविराम मला फूटभर अंतरावरून दिसतो. भाच्याला मी हे अजून सांगितलेलं नाही.