हेडसेट डोक्यावर, आवाज टेबलावर

व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट डोक्यावर चढवला, मागचा पट्टा घट्ट केला आणि गेम सुरू केला, तेव्हा समोर दाट झाडी होती, उजव्या हाताला ओढा वाहत होता आणि कानांत मात्र काहीच नव्हते. हेडसेट बिघडला म्हणावे, तर काही क्षणांपूर्वीच मेनूतले बटण दाबल्याचा बारीक टिक् आवाज मला कानांत स्पष्ट ऐकू आला होता. मी चाचपडत आवाज वाढवू लागलो, तोच खोलीत वाचत बसलेली बहीण म्हणाली, "दादा, आवाज कमी कर ना, केवढ्याने पाणी वाहतंय!" ओढा टेबलावरच्या स्पीकरमधून वाहत होता.

कुतूहल म्हणून मी हेडसेट न काढता, कानांवरचे स्पीकर थोडे बाजूला सरकवून तसाच उभा राहिलो. टेबलाकडे तोंड असताना ओढा उजव्या स्पीकरमधून येत होता, म्हणजे सगळे ठीकच वाटत होते. मग मी ओढ्याकडे पाहण्यासाठी उजवीकडे वळलो. आता पाणी अगदी नाकासमोर होते, पण त्याचा आवाज डाव्या कानाशी येऊन थांबला होता. कारण उघड आहे. डोके वळले तसा गेमने ओढा 'समोर' आणला, म्हणजे दोन्ही स्पीकरना सारखाच आवाज दिला. स्पीकर मात्र टेबलावर होते तिथेच राहिले आणि ते आता माझ्या डाव्या बाजूला होते. व्हीआरमधला आवाज हा डोक्याबरोबर फिरणाऱ्या दोन कानांसाठी मोजून दिलेला असतो. आवाज कोणत्या दिशेने आला हे आपल्याला दोन कानांतल्या वेळेच्या फरकावरून कळते आणि तो फरक एका मिलिसेकंदाहूनही कमी असतो. इतक्या बारकाईने केलेले काम खोलीतल्या स्थिर स्पीकरकडे गेले, की ते नुसते वाया जात नाही, तर डोळ्यांना खोटे पाडते. म्हणूनच, आवाज कुठून तरी येतोय ना, मग चालेल, असे मला व्हीआरच्या बाबतीत कधीच म्हणता येत नाही.

हा घोळ उलगडायला मला तीन संध्याकाळी लागल्या, आणि त्यातल्या पहिल्या दोन मी चुकीच्या प्रश्नावर घालवल्या. मी विचारत होतो, आवाज कोणत्या उपकरणाकडे जातो? विंडोजच्या यादीत डीफॉल्ट (वेगळे काही न सांगता वापरले जाणारे) उपकरण म्हणून हेडसेटच निवडलेला होता, त्याच्यासमोर हिरवी खूणही होती, आणि तरीही गेमचा आवाज स्पीकरकडे जात होता. खरा प्रश्न हा होता, की गेमने उपकरण मागितले त्या क्षणी डीफॉल्ट कोणते होते?

विंडोजमध्ये आवाज काढणारा प्रत्येक प्रोग्रॅम आपला स्वतंत्र प्रवाह उघडतो. तो उघडताना प्रोग्रॅम एक तर नाव घेऊन विशिष्ट उपकरण मागतो, किंवा 'सध्या जे डीफॉल्ट असेल ते द्या' असे म्हणतो. बहुतेक गेम दुसरा मार्ग धरतात. मेनूतला टिक् आवाज हा व्हीआर प्रणालीचा, म्हणजे हेडसेट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा होता, ओढ्याचा आवाज गेमचा. दोन वेगळे प्रोग्रॅम, दोन वेगळे प्रवाह, आणि म्हणून एक कानांत आणि दुसरा टेबलावर असे होऊ शकते. हे एकदा लक्षात आल्यावर 'हेडसेटला आवाज आहे, पण गेमला नाही' या तक्रारीतले गूढ बरेच ओसरते.

आता वेळेचा भाग. स्टीमव्हीआर (अशीच एक व्हीआर प्रणाली) सुरू होताना विंडोजचे डीफॉल्ट उपकरण बदलून हेडसेटकडे नेऊ शकते आणि बंद होताना ते पूर्ववत करू शकते. त्याच्या सेटिंग्जमधील ऑडिओ या विभागात हे ठरवता येते. सोय उत्तम आहे, पण ती गृहीत धरते की आधी व्हीआर प्रणाली सुरू होईल आणि मग गेम. माझ्याकडे क्रम उलटा होता. मी गेम नेहमीप्रमाणे डेस्कटॉपवरून उघडत असे, गेम आपला ध्वनिप्रवाह उघडत असे, त्या वेळी डीफॉल्ट असलेले स्पीकर धरत असे, आणि मग तो गेमच व्हीआर प्रणालीला जागे करत असे. डीफॉल्ट त्यानंतर बदलत होते. मी यादी पाहायला जाईपर्यंत तिथे हेडसेट दिसत असे आणि मी बुचकळ्यात पडत असे.

डीफॉल्ट बदलल्यावर चालू प्रवाहाने त्याच्यामागे जावे की नाही, हे गेम कसा लिहिला आहे त्यावर अवलंबून असते. विंडोज १० बरोबर आलेल्या एक्सऑडिओ २.९ या गेमसाठीच्या ध्वनिसाधनामध्ये प्रवाह आपोआप नव्या डीफॉल्टकडे वळण्याची सोय आहे, आणि इतर मार्ग वापरणारे प्रोग्रॅमही बदलाची सूचना विंडोजकडून मागून घेऊन प्रवाह पुन्हा उघडू शकतात. ज्या गेमने हे केलेले नसते, तो सुरुवातीला धरलेले उपकरण शेवटपर्यंत सोडत नाही. अशा गेमच्या बाबतीत चालू खेळात सेटिंग बदलत बसण्यात काही अर्थ नसतो. तो पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा लागतो. तिसऱ्या संध्याकाळी मी आधी हेडसेट जोडला, व्हीआर प्रणाली सुरू केली, तिच्या घरासारख्या दालनात उभा राहून आवाज कानांत येतो याची खात्री केली आणि मगच गेम उघडला. ओढा उजव्या कानाशी होता. वळलो, तसा तो समोर आला आणि समोरच राहिला.

उपकरणांच्या यादीतली नावे हाही एक चकवा आहे. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टच्या तारेने जोडलेल्या अनेक हेडसेटचा आवाज चित्राबरोबर त्याच तारेतून जातो, त्यामुळे तो ग्राफिक्स कार्डाच्या ऑडिओ ड्रायव्हरच्या नावाखाली दिसतो. 'एनव्हीडिया हाय डेफिनिशन ऑडिओ' असे लिहिलेले पाहून तो मॉनिटरचा आवाज असावा, असे समजून पुष्कळ जण ते उपकरण निष्क्रिय करून टाकतात. ग्राफिक्स ड्रायव्हर बसवताना ऑडिओचा भाग नको म्हणून वगळला, तर असा हेडसेट चित्र दाखवतो आणि आवाजाच्या यादीत येतच नाही, असेही होऊ शकते. ज्यांच्या यादीत हेडसेट मुळीच दिसत नाही, त्यांनी आधी हे पाहावे आणि मग तारांकडे वळावे.

दुसरा प्रकार आभासी उपकरणांचा. स्वतंत्रपणे चालणारे हेडसेट जेव्हा संगणकाला यूएसबी तारेने किंवा वायफायने जोडले जातात, तेव्हा संगणकावर त्यांचे सॉफ्टवेअर एक आभासी स्पीकर आणि एक आभासी मायक्रोफोन बसवते; 'ओक्युलस व्हर्च्युअल ऑडिओ डिव्हाइस' किंवा 'स्टीम स्ट्रीमिंग स्पीकर्स' ही नावे त्यातलीच. खऱ्या तारेचे उपकरण तार काढली की यादीतून जाते आणि विंडोज दुसऱ्या उपकरणाकडे वळते. आभासी उपकरणाचे तसे नसते. ते ड्रायव्हरच्या रूपाने संगणकातच राहत असल्यामुळे हेडसेट डब्यात बंद असला तरी यादीत दिसू शकते, आणि ते डीफॉल्ट राहिले असेल तर आवाज त्यात ओतला जातो आणि तिथेच संपतो.

यासाठी माझे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे जुन्या कंट्रोल पॅनेलमधली साउंड ही खिडकी. तिच्या प्लेबॅक या पानावर प्रत्येक चालू उपकरणाशेजारी एक उभी पट्टी असते आणि आवाज ज्या उपकरणाकडे जात असेल, त्याची पट्टी हिरवी होऊन वरखाली होते. गेम चालू ठेवून ही खिडकी पाहिली की तर्क करावा लागत नाही. स्पीकरची पट्टी हलत असेल, तर गेमने चुकीचे उपकरण धरले आहे. हेडसेटची पट्टी हलत असेल आणि कानांत शांतता असेल, तर विंडोजचे काम झालेले आहे आणि दोष त्यापुढे, म्हणजे हेडसेटचा आवाज, त्याची जोडणी किंवा त्याचे सॉफ्टवेअर यांत शोधायला हवा. कोणतीच पट्टी हलत नसेल, तर गेम आवाज काढतच नाही. या एका नजरेत जे कळते, ते ड्रायव्हर काढून पुन्हा बसवण्यात घालवलेल्या तासांत कळत नाही, आणि तरीही बहुतेक सल्ले ड्रायव्हरपासूनच सुरू होतात, याचे मला खरोखर वाईट वाटते.

एप्रिल २०१८ च्या अद्ययावत आवृत्तीपासून विंडोज १० मध्ये प्रत्येक प्रोग्रॅमसाठी वेगळे उपकरण निवडता येते, आणि विंडोज ११ मध्ये हीच सोय व्हॉल्यूम मिक्सरमध्ये आहे. गेम चालू असताना तिथे जाऊन त्याच्यापुढे हेडसेट निवडला, की विंडोज ती निवड पुढच्या वेळेसाठीही लक्षात ठेवते. ज्यांना क्रम सांभाळणे जमत नाही, त्यांच्यासाठी हा चांगला उपाय आहे. मात्र ज्या गेमची व्हीआर आवृत्ती वेगळ्या फाइलमधून चालते, तिथे साध्या आवृत्तीसाठी केलेली निवड लागू होत नाही. शिवाय ही निवड फक्त 'डीफॉल्ट द्या' असे म्हणणाऱ्या प्रवाहांना लागू पडते. नाव घेऊन उपकरण मागणारा गेम तिला जुमानत नाही. असे गेम खरोखर आहेत, आणि त्यामागे चांगला हेतूही आहे. ओक्युलस या हेडसेटच्या कंपनीच्या, विकासकांसाठीच्या साधनांत हेडसेटच्या ध्वनी उपकरणाची ओळख विचारून घेण्याची सोय होती, आणि ओपनएक्सआर या व्हीआरच्या सामाईक मानकामध्येही त्याच कामाची एक ओक्युलस जोड आहे. ती वापरणारा गेम विंडोजचे डीफॉल्ट काहीही असले तरी आवाज थेट हेडसेटकडे पाठवतो. माझ्या मते प्रत्येक व्हीआर गेमने निदान एवढे तरी करावे, आणि त्याबरोबर आपल्या सेटिंग्जमध्ये उपकरण निवडण्याची जागा ठेवावी.

उलटा प्रसंगही मी अनुभवला आहे. एकदा खेळ चालू असतानाच वीज गेली आणि व्हीआर प्रणालीला डीफॉल्ट पूर्ववत करण्याची संधीच मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका महत्त्वाच्या व्हिडिओ कॉलची वाट पाहत संगणकापुढे बसलो होतो, स्पीकर शांत होते, आणि शेल्फवर ठेवलेल्या हेडसेटमधून फार बारीक, डब्यात अडकल्यासारखी घंटी ऐकू येत होती. ती कुठून येते हे समजेपर्यंत ती थांबली. तेव्हापासून हेडसेट उतरवल्यावर एखादा छोटा आवाज वाजवून तो स्पीकरमधून येतो का, हे मी पाहतो. संगणक सुरळीत बंद झाला नसेल, तर हे विशेष आवश्यक आहे.

बोलण्याच्या आवाजाचा हिशेब आणखी वेगळा असतो. विंडोजमध्ये डीफॉल्ट उपकरणाबरोबरच संभाषणासाठीचे डीफॉल्ट उपकरण वेगळे ठेवता येते, त्यामुळे गेम कानांत आणि सोबत्यांचे बोलणे स्पीकरवर अशी फाटाफूट होऊ शकते. दोन्ही ठिकाणी हेडसेट निवडला की ती मिटते. कोणी बोलू लागताच गेमचा आवाज एकदम खाली जात असेल, तर साउंड खिडकीतल्या कम्युनिकेशन्स या पानावर पाहावे. तिथे इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करण्याचा पर्याय सुरुवातीपासूनच निवडलेला असतो. त्याऐवजी काहीही करू नये असा पर्याय निवडावा. व्हीआरसाठी ब्लूटूथ हेडफोन मी वापरत नाही. त्यांत आवाज उशिरा पोहोचतो, आणि त्यांचाच मायक्रोफोन वापरायला घेतला की सामान्यतः जोडणी फोन कॉलच्या प्रकारात जाते आणि ओढा, पाने, पक्षी सगळे एकाच सपाट, एकसुरी आवाजात मिसळून जातात.

राहिला बहिणीचा प्रश्न. तिला पडद्यावर माझा खेळ पाहायला आवडतो आणि मूक चित्र पाहण्यात तिला रस नाही. स्टीमव्हीआरमध्ये हेडसेटचा आवाज दुसऱ्या उपकरणावरही प्रतिबिंबित करण्याची सोय आहे. तिथे मी टेबलावरचे स्पीकर निवडले. दोन उपकरणांतून आवाज तंतोतंत एकाच वेळी निघत नसल्यामुळे स्पीकरमधला आवाज माझ्या कानांतल्या आवाजापेक्षा किंचित मागे असतो, आणि माझ्या हेडसेटचे स्पीकर कानांपासून थोडे दूर असल्यामुळे तो मागचा आवाज मला प्रतिध्वनीसारखा ऐकू येतो. म्हणून स्पीकरचा आवाज आम्ही इतका खाली ठेवतो, की तो तिच्या खुर्चीपर्यंत पोहोचेल आणि माझ्या ओढ्यात मिसळणार नाही. ती खुर्ची आता स्पीकरच्या अगदी जवळ सरकली आहे.