बर्लिनला जाऊन नायगावचं घर पाहिलं

बर्लिनमध्ये नगररचना शिकायला आले आणि पहिल्याच सेमिस्टरला, सेमिनारमध्ये प्राध्यापकबाईंनी पडद्यावर एक फोटो लावला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तू मुंबईची ना? तुला काय वाटतं?" फोटो बीडीडी चाळीचा होता. मी जन्मले, वाढले ती नायगावची बीडीडी. मी घडाघडा सांगायला लागले: बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 1920 च्या दशकात बांधल्या, चार ठिकाणी मिळून 207 इमारती, तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली 160 चौरस फुटांची. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हे पुस्तकात आहे. तुला काय वाटतं?"

माझी वाचाच बसली. शाळेपासून पदवीपर्यंत "मला वाटतं" असं उत्तरपत्रिकेत लिहायची हिंमत मी कधी केली नव्हती. आणि ज्या घरात बावीस वर्षं काढली, त्याबद्दल आपल्याला काय वाटतं हे मला खरोखरच माहीत नव्हतं.

त्या रात्री हॉस्टेलवर झोप लागली नाही. खोली 12 चौरस मीटरची, म्हणजे जवळजवळ 130 चौरस फूट, आणि तिच्यात मी एकटी. घरी 160 फुटांत आम्ही पाच जण. रविवारी इथे दुकानं बंद, जिन्यात चिटपाखरू नसतं. सुरुवातीचे काही रविवार मी नुसती नळ सोडून बसायचे, काहीतरी आवाज यावा म्हणून.

(पैशांचं बरेच जण विचारतात, म्हणून सांगते. बर्लिनच्या सरकारी विद्यापीठात माझ्या अभ्यासक्रमाला शिकवणीची फी नाही. पण व्हिसासाठी वर्षभराचा खर्च ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, आधीच दाखवावा लागतो. सप्टेंबर 2024 पासून ती रक्कम 11,904 युरो आहे. आमच्याकडे ती बाबांच्या पीएफमधून आली.)

मग मी शहर पायी बघायला लागले. इथल्या जुन्या कामगार इमारतींना एकामागे एक चौक असतात. 1853 च्या नियमाप्रमाणे चौक कमीत कमी 5.34 मीटर लांब-रुंद ठेवावा लागे, कारण आगीचा बंब तेवढ्याच जागेत वळायचा. हवा आणि उजेड यांचा हिशेब त्यात नव्हताच. एका रविवारी शहराच्या ब्रिट्झ भागात गेले. तिथे घोड्याच्या नालेच्या आकाराची वसाहत आहे, ब्रुनो टाउट आणि मार्टिन वाग्नर या वास्तुरचनाकारांनी 1925 पासून बांधलेली. मधोमध तळं, प्रत्येक घराला स्वतःचं न्हाणीघर. म्हणजे आमच्या चाळी उभ्या राहिल्या त्याच दशकातली, तीही कामगारांसाठी आणि कमी पगारदारांसाठीच. तळ्याकाठी उभी राहून मला आधी राग आला, आणि मग आईला फोन करावासा वाटला.

माझे संध्याकाळचे पाच, तिचे साडेनऊ. तिला म्हटलं, मला चाळीवर बोलायचंय, पॅसेजबद्दल सांगणार आहे, सगळ्यांची दारं उघडी असायची, ते. आई जरा थांबली. "पॅसेजचं कौतुक तू कर गं. तुझ्या वेळी सातव्या महिन्यात रात्री दोन वाजता त्या पॅसेजच्या टोकाला संडासाला जायचे मी. दिवा गेलेला असायचा. तुझे बाबा टॉर्च घेऊन बाहेर उभे राहायचे." हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "पण पॅसेज नसता तर तुला कोणाच्या भरवशावर ठेवून कामावर गेले असते?"

सेमिनारमध्ये मी आईची ही दोन्ही वाक्यं जशीच्या तशी ठेवली आणि मग मला काय वाटतं ते सांगितलं. पुनर्विकासात 500 चौरस फुटांचं घर मिळतंय, ते मिळायलाच हवं, संडास घरातच हवा. पण उंच टॉवरच्या आराखड्यात मूल शेजारी सोडायची जागा कुठे आहे, हे आतापासून विचारायला हवं. बाईंनी माझे दोन मुद्दे खोडले. मीही त्यांचा एक खोडला, आवाज कापत असताना. संपल्यावर सगळा वर्ग बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करू लागला. इथे टाळ्यांऐवजी अशी दाद देतात. आमच्या शाळेत बाक वाजवला की वर्गाबाहेर उभं राहावं लागे.

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे मुंबई विद्यापीठाची एम.ए. करून 1928 साली याच शहरात आल्या होत्या. कवट्यांची मापं घेऊन त्यांनी मार्गदर्शकांच्या वंशविषयक गृहीतकाच्या विरुद्ध जाणारा निष्कर्ष प्रबंधात मांडला. नगररचना शिकणाऱ्या मला त्या फार जवळच्या वाटतात.

सध्या सुट्टीत घरी आलेय. आमची इमारत अजून उभी आहे. प्रबंधासाठी काल खोली मोजली, मग पॅसेज. टेपचं एक टोक आईने धरलं होतं. संडासापर्यंत पोचलो तेव्हा तिने आकडा मोठ्याने वाचला, आणि म्हणाली, "पावलंही लिही. बावन्न."