विटांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं मैदान

घरून फोन आला की भाचेमंडळींचा प्रश्न ठरलेला: "फ्लामेंगोचा सामना पाहिलास का? सांतोसला जाऊन आलास का?" मी राहतो ते ब्राझीलमधलं कांपिनास शहर साओ पाउलोपासून शंभरेक किलोमीटरवर आहे आणि इथे जीव टाकला जातो तो पोन्ते प्रेतावर. आज या फुटबॉल क्लबबद्दल सविस्तर लिहितो.

स्थापना 11 ऑगस्ट 1900 ची. रेल्वेमार्गावरचा लाकडी पूल कुजू नये म्हणून त्याला डांबर फासलेलं होतं. त्या काळ्या पुलावरून वस्तीला 'पोन्ते प्रेता', म्हणजे काळा पूल, हे नाव पडलं आणि वस्तीवरून क्लबला. कांपिनास वाढलं कॉफीच्या मळ्यांवर, म्हणजे गुलामांच्या घामावर. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली 1888 मध्ये. त्यानंतर अवघ्या 12 वर्षांत इथल्या तरुणांनी संघ काढला आणि त्यात मिगेल दो कार्मो हा कृष्णवर्णीय रेल्वे कर्मचारी खेळला, असं क्लब अभिमानाने सांगतो. पुढे कितीतरी वर्षं बड्या घरांच्या क्लबांची दारं काळ्या खेळाडूंना बंदच होती. पोन्तेच्या प्रेक्षकांत काळे आणि गरीब लोक खूप, म्हणून प्रतिस्पर्धी त्यांना 'माकडं' म्हणून हिणवायचे. लोकांनी ती शिवीच उचलून क्लबचं टोपणनाव केलं: 'माकाका', म्हणजे माकडीण. आज सामन्याला हजारो लोक याच नावाने गर्जना करतात. त्या वेळी माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो.

पण मला सर्वांत जवळची वाटते ती स्टेडियमची कहाणी. 1940 च्या दशकात क्लबकडे जमीन होती, पण बांधायला पैसा नव्हता. मग विटांची वर्गणी सुरू झाली. लोकांनी विटा दिल्या आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः येऊन श्रमदान केलं. 12 सप्टेंबर 1948 रोजी मोइझेस लुकारेली स्टेडियमचं उद्घाटन झालं. एकदा शेजारच्या जागेवर एक आजोबा बसले होते, अंगात काळ्या तिरप्या पट्ट्याचा पांढरा शर्ट, हातात शेंगदाण्याची कागदी पुडी. खालच्या पायऱ्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "माझ्या वडिलांनी इथे विटा वाहिल्यात." पुढचा अर्धा तास त्यांनी मला एकेक भिंत दाखवली. मैदानावर काय चाललंय इकडे आमचं दोघांचंही लक्ष नव्हतं.

करंडकांच्या बाबतीत मात्र नशिबाने साथ दिली नाही. 1977 ची राज्य स्पर्धेची अंतिम फेरी इथे आजही काल घडल्यासारखी सांगतात. समोर कोरिंथियान्स, दोन दशकांहून जास्त काळ मोठ्या विजेतेपदासाठी आसुसलेला. पहिला सामना पोन्ते 1-0 ने हरली. दुसऱ्याला मोरुंबी स्टेडियमवर 1,46,000 हून अधिक लोक जमले, आजवरचा तिथला उच्चांक, आणि तो पोन्तेने 2-1 असा खेचला. तिसऱ्यात पोन्तेच्या रुई रेयला पंचांनी सुरुवातीलाच मैदानाबाहेर काढलं आणि शेवटी-शेवटी कोरिंथियान्सच्या बाझिलियोच्या गोलने सगळं संपलं. दिकासारखा जादूगार पोन्तेच्या या संघात होता. कार्लोस, ओस्कार आणि पोलोझी हे तिघे पुढच्या वर्षी ब्राझीलच्या विश्वचषक संघात होते! त्यात भर म्हणजे 1978 मध्ये ग्वारानी राष्ट्रीय विजेता झाला. ग्वारानी हा याच शहरातला कट्टर वैरी, त्याचं मैदान इथून चालत जाण्याच्या अंतरावर. त्या वर्षी पोन्तेवाल्यांच्या घरांत काय वातावरण असेल, कल्पना करा.

2013 मध्ये संघ दक्षिण अमेरिकेच्या सुदामेरिकाना स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला. उपांत्य फेरीत साओ पाउलो क्लबला त्याच्याच मैदानावर 3-1 ने हरवलं. अंतिम सामन्यात अर्जेंटिनाचा लानूस भारी पडला आणि त्याच वर्षी राष्ट्रीय लीगच्या अव्वल श्रेणीतूनही संघ खाली घसरला. पुढे घसरण तिसऱ्या श्रेणीपर्यंत गेली. तरी प्रेक्षक येतच राहिले. अखेर ऑक्टोबर 2025 मध्ये पोन्तेने लोंद्रिनाला हरवून तिसऱ्या श्रेणीचं विजेतेपद मिळवलं, क्लबच्या 125 वर्षांतलं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. आणि तेही याच विटांच्या मैदानावर.

साओ पाउलोला कुणी येणार असेल तर एक दिवस राखून ठेवा. बसने दीडएक तास लागतो. सामना असेल तर तासभर आधी पोहोचा, म्हणजे बाहेरच्या गाड्यांवर खाऊन निवांत आत जाता येईल. फक्त ग्वारानीचा हिरवा रंग अंगावर नको.