दगडावर नुसता आकडा

आज आजोळी गेले होते. चावडीच्या भिंतीतला तो दगड लहानपणापासून बघतेय, पण थांबून वाचला तो आज. १९१४ ते १९१९च्या महायुद्धात या गावातून किती जण गेले, किती कामी आले, एवढंच. नाव एकाचंही नाही.

कोण असतील? कदाचित इराकमधल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यातले. इंग्रजांच्या हिंदी फौजेतल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी तिथे, तैग्रिस नदीच्या वळणावर, १४७ दिवस अडकल्या होत्या. पीठ संपत आलं तेव्हा घोडे कापले. कित्येक हिंदी शिपायांनी धर्मापायी ते मांस बरेच दिवस तोंडात घातलं नाही, अर्धपोटी पहारे दिले. २९ एप्रिल १९१६ला शरणागती. मग वाळवंटातून कैद्यांची पायपीट.

भाकरीवर वाढलेली पोरं हो ती! दगडावरची धूळ ओढणीनं पुसली. हात काढवेना.